शुक्रवारचा दिवा परत लावतेय, पुढे काय? (बेने इस्राएल आयांसाठी धागा)

ठाणेकर_आई

शालोम मंडळी. लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच शेवटी.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी, माहेर पनवेलचं, सासर मराठी हिंदू. कॉलेजमधली ओळख, रजिस्टर लग्न, दोन्ही घरांनी थोडं ताणून धरलं आणि मग सोडलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. लग्नानंतर बरीच वर्षं माझ्याकडून धर्माचं म्हणून काहीच झालं नाही, दारफाळणीचा (योम किप्पूरचा) उपास तेवढा धरायचे तोही ऑफिसला जाऊन. एकत्र घरात सासूबाईंचं सगळं सणवार होतं, त्यात माझं वेगळं काय काढायचं असं वाटायचं, कोणी अडवलं होतं असं अजिबात नाही.

आता आमचं वेगळं घर झालंय आणि मी शुक्रवारचा दिवा परत सुरू केलाय. आई लावायची तसाच, काचेच्या ग्लासात खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. आईचं म्हणजे डोक्यावर पदर, दिव्यासमोर दोन्ही हात डोळ्यांवर, आणि त्यानंतर घरात कोणी आवाज चढवायचा नाही, वडील सुद्धा नाही. मला शाबाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा आपला विश्रांतीचा दिवस, म्हणून एवढंच माहीत. शेमा (देव एकच आहे म्हणणारी आपली मुख्य प्रार्थना) तोंडपाठ आहे, हिब्रू वाचता येत नाही. पोरं दिव्यापाशी येऊन उभी राहतात, मुलगी विचारते आता काय म्हणायचं, आणि माझ्याकडे शेमाच्या पुढे काही नसतं.

मला हे मनापासून घरात आणायचंय, फक्त आठवण म्हणून नाही. मला देवाशी बोलायचंय आणि पोरांना ते ऐकायला मिळावं असं वाटतं. पण कुठून सुरुवात करू, काय आधी, काय नंतर? नेटवर बघितलं तर सगळं अमेरिकेतलं, दोन किचन, दोन सिंक, चांदीचे कॅन्डल स्टॅन्ड. वन बीएचकेत आणि ठाण्याच्या लोकलमध्ये ते कसं बसवायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

रेवदंड्याची_लेक

ताई आधी एक सांगते, तुझ्याकडे शेमाच्या पुढे काही नाही असं म्हणू नकोस. आपल्या लोकांकडे कैक पिढ्या शेमाच्या पुढे काही नव्हतंच. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या सगळ्या पाण्यात गेल्या, असंच आपण ऐकत आलो ना. राहिलं काय तर शेमा, आठव्या दिवशीची सुंता, शनिवारी घाणा बंद आणि खाण्याचे नियम. त्या शनिवारच्या बंदवरूनच गावाने आपल्याला शनिवार तेली म्हटलं.

आणि ती डेव्हिड राहाबीची गोष्ट मला फार जवळची वाटते. कोचीनकडून तो माणूस आला, त्याला कळेना ही तेल गाळणारी माणसं खरंच यहुदी आहेत का. तर त्याने पुरुषांना प्रश्न विचारत बसण्यापेक्षा बायकांसमोर सगळ्या तऱ्हेची मिसळलेली मासळी ठेवली, म्हणाला रांधा. बायकांनी खवलं आणि पर असलेली मासळी तेवढी घेतली, बाकीची बाजूला सारली. झाली परीक्षा. नक्की कोणत्या शतकात घडलं यावर अभ्यासक भांडतात, भांडू देत. पण आपल्यातल्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगतात आणि ती बायकांच्या हातावर येऊन संपते. कोणाला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं तेव्हा धर्म मासळीच्या टोपलीपाशी राखला गेला.

म्हणून माझं मत, सुरुवात स्वयंपाकघरातून कर. तुझ्या घरी कोलंबी, चिंबोरी येते का? ती बंद कर, एवढ्याने सुरू कर. पोरं विचारतील का बंद, तेव्हा ही गोष्ट सांग.

शाबाथ_वेळेवर

ठाणेकर ताई, फार आनंद झाला वाचून. थोडं नियमाचं बोलतो, राग मानू नका.

दिवा सूर्यास्ताच्या आधी लागला पाहिजे, साधारण १८ मिनिटं आधीचा रिवाज आहे. मुंबई ठाण्यात नोव्हेंबर डिसेंबरात सहाच्या आसपास मावळतो, जून जुलैत सव्वासातच्या पुढे जातो, म्हणजे उन्हाळा पावसाळ्यात तुम्हाला जमेल, हिवाळ्यात लोकलचा प्रश्न येईल. सूर्य मावळला असेल तर मात्र दिवा लावू नका, शाबाथ सुरू झाला, आता आग पेटवणं म्हणजे शाबाथ मोडणं. त्यापेक्षा न लावता किद्दूश, म्हणजे द्राक्षाच्या पेयावरची शाबाथची प्रार्थना, करा.

दुसरं, तुमची मुलं यहुदी आहेत. आईकडून येतं, त्यात कोणी तुम्हाला शंका घेऊ देऊ नका. पण म्हणूनच जबाबदारी तुमच्यावर जास्त. नवऱ्याच्या बाजूने त्यांना हे मिळणार नाही हे उघड आहे. मलिदा (नवसाचा गोड पोह्यांचा प्रसाद), उरूस हे सगळं आपलं प्रेमाचं आहे पण तो रिवाज आहे, तोरातली म्हणजे धर्मग्रंथातली आज्ञा नाही. आधी शाबाथ, कश्रूत म्हणजे खाण्याचे नियम, सण, मग बाकीचं. उलटं केलं की पोरांच्या लक्षात फक्त पोहे खोबरं राहतं, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

अशदोदहून

शाबाथ_वेळेवर भाऊ, तुमचं नियमाचं बरोबर आहे, पण पोहे खोबरं एवढं हलक्यात घेऊ नका. मी इथे इस्राएलमध्ये लहानाची मोठी झाले, आईवडील मुंबईहून आलेले. माझ्या पोरांना हिब्रू पाण्यासारखं येतं, शाळेत तानाख (हिब्रू बायबल) शिकतात, शाबाथला अख्खं गाव बंद असतं, म्हणजे तुम्ही जे आधी म्हणता ते त्यांना आयतं मिळालंय. तरी माझी मोठी मुलगी सैन्यात जायच्या आधी म्हणाली आई माझ्यासाठी मलिदा कर, आजीने तुझ्यासाठी केला होता तसा. तिला एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, आपल्या भाषेत नवस बोलायचा होता. हे वेगळं करून दाखवा मला, कुठे रिवाज संपतो आणि कुठे श्रद्धा सुरू होते.

आणि आईकडून येतं हे वाक्य आमच्या घरात फार जड आहे. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न बाहेरच्या यहुद्याशी लावायच्या आधी त्याची आई, आईची आई, असं जमेल तितकं मागे जाऊन तपासा, मधे कोणी परकी बाई आली नाही ना. कोकणातल्या आमच्या आज्या, ज्यांनी नुसत्या शेमावर धर्म टिकवला, त्यांच्यावर संशय. माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने (इथल्या संसदेने) ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदीच आहेत, आणि रब्बींना फर्मानातलं आपलं नाव काढावं लागलं. माझी आजी त्या धरण्याला गेली होती. पुढे आयुष्यभर ती शुक्रवारी दिवा लावताना मोठ्याने म्हणायची, मनात नाही. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं.

ठाणेकर, तूही मोठ्याने म्हण. दिव्याची बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) साधी आहे, देवनागरीत लिहून फ्रिजवर लाव: बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्देशानू बेमित्झवोताव, वेत्झिवानू लेहादलीक नेर शेल शब्बात. मुलगी दोन आठवड्यात पाठ करेल बघ.

अलिबागचा_शेजारी

मी यहुदी नाही, पण इस्राएल आळीच्या जवळच वाढलो म्हणून लिहितोय, चालेल ना? आमच्या आजोबांच्या लहानपणी आळीत माणसांनी भरलेली घरं होती, आता बहुतेकांना कुलूपं. मागेन आबोथ सिनेगॉग व्यवस्थित उभं आहे, १८४८ चं मूळ, १९१० ला परत बांधलेलं. सुट्टीत इस्राएलहून कुटुंबं येतात, त्यात आज्या अस्खलित कोकणी ढंगाचं मराठी बोलतात आणि नातवंडं हिब्रूत काहीतरी विचारत असतात, मग आजी वळून मला विचारते अमक्याची वाडी अजून आहे का रे.

खंडाळ्याला, आमच्या अलिबागजवळचं खंडाळा, घाटातलं नाही, तिथे एलियाहू हन्नाबीचा टापा आहे, खडकावर रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण. तिथे नवसाला येणारी माणसं बघितलीत. ठाणेकर ताई, मुलांना घेऊन एकदा या. सुट्टीच्या दिवशी ठाण्याहून पहाटे निघालात तर खंडाळा, मग नवगावचं जुनं दफनस्थान, मग रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग, एका दिवसात होतं. मुलांना पाय लावू द्या त्या जमिनीला.

ठाणेकर_आई

किती पटापट उत्तरं आली. अशदोदहून, तुमचं वाचून मी किचनमध्ये जाऊन रडून आले.

लोकलचं खरंच अवघड आहे. माझं ऑफिस अंधेरीला, घाटकोपरला बदलून ठाणे, शुक्रवारची गर्दी. डिसेंबरात सहाच्या आत घर शक्य नाही. साहेबांशी बोलून बघते शुक्रवारी लवकर निघायचं.

अजून एक गोष्ट मनात आहे ती पण लिहिते. सासूबाई महिन्यातून दोनदा येतात, त्या स्वतः तुळशीपाशी दिवा लावतात. परवा शुक्रवारी आल्या होत्या. मी दिवा लावला, हात डोळ्यांवर घेतले, उघडून बघते तर त्या पण मागे हात जोडून उभ्या. मला बरं पण वाटलं आणि गोंधळायला पण झालं. मुलांना नक्की काय सांगू, हा आमचा दिवा वेगळा आहे की सारखाच आहे?

डोंबिवलीचा_जावई

मी तुमच्या नवऱ्याच्या जागचा माणूस, म्हणजे हिंदू घरातला, बायको बेने इस्राएल. आमच्या मुलांना आम्ही वेगळा आहे असंच सांगितलं, स्पष्ट. माझ्या आईचा दिवा देवघरातल्या देवासमोर असतो, यांच्याकडे दिव्यासमोर मूर्ती नाही, ज्याला नमस्कार करायचा तो दिसत नाही. आमच्या मुलीला हे सहा वर्षांची असताना समजलं. मुलांना फरक झेपतो, आपण लपवाछपवी केली की गोंधळ होतो.

आमच्यात असं ठरलंय, गणपतीला आम्ही माझ्या गावी जातो, आरतीला मुलं चुलतभावंडांसारखी टाळ्या वाजवतात, पण स्वतःच्या घरात धर्म एकच, आईचा. हे मीच म्हणालो. दोन्ही अर्धं अर्धं देण्यापेक्षा एक पूर्ण द्यावं. माझ्या वडिलांना पचायला वेळ लागला. आता तेच शुक्रवारी फोन करून नातवंडांना शाबाथ शालोम म्हणतात. नवऱ्याने स्वतः पुढे होऊन आपल्या आईवडिलांशी बोललं पाहिजे, बायकोवर सोडू नये, एवढं एक पुरुषांना सांगेन.

मीरा_रोड_ईस्ट

मी अशा घरातला मुलगा आहे, आता तीस पूर्ण. आई यहुदी, वडील नाहीत. आईने आम्हाला मोठे झाल्यावर ठरवा असं सांगितलं होतं, तिच्या बाजूने तो मोठेपणाच होता. पण काहीच शिकवलेलं नसताना ठरवायचं कशावरून? बार मिट्झ्वा (तेराव्या वर्षीचा मुलाचा धर्मविधी) झाला नाही, सिनेगॉगमध्ये गेलो तर पुस्तक कुठून उघडायचं हे कळत नव्हतं, शेजारचे काका पान उलटून देत होते आणि मला मान वर करवत नव्हती. आता आई साठीच्या पुढे आहे आणि गेली दोन वर्षं ती परत सगळं करायला लागलीये, मी तिच्यासोबत शिकतोय. छान वाटतं, पण लहानपणी झालं असतं तर अंगात भिनलं असतं.

ठाणेकर मावशी, पोरं पाच आणि नऊची आहेत. आत्ताच करा. मोठी झाल्यावर नको असेल तर सोडतील, ते त्यांच्या हातात राहीलच.

रास्तापेठ

हिब्रू वाचनाबद्दल. आपल्याकडे मराठीतून प्रार्थना शिकायची सोय आजची नाही, दीडशे वर्षांच्या वरची आहे. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. पुण्यात १८७४ मध्ये हगादा (पेसाखच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापला, एका बाजूला हिब्रू, सोबत मराठी, आणि त्यात चित्र आहे, लुगडं नेसलेल्या बायका खाली बसून बिनखमीरची भाकरी करताहेत. मला तो हगादा दाखवून आई म्हणायची, बघ, मिसरातून सुटकेच्या गोष्टीत आपल्या बायका बसल्यात. मिळाला तर मुलीला जरूर दाखवा, त्याची चित्रं नेटवर सापडतात.

आणि गाणी! कीर्तनं! १८८० पासून आपल्यात अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनाच्या चालीवर व्हायची, पेटी तबला सगळं. नंतर कीर्तनकार राहिले नाहीत, पण बायकांनी पदं वह्यांमध्ये उतरवून घेतली होती आणि महिला मंडळातून गात राहिल्या. माझ्या मावशीची शंभर पानी वही माझ्याकडे आहे, हळदीचे डाग पडलेली, काही पानांवर भाजीचा हिशोब पण आहे. योसेफला भाऊ खड्ड्यात टाकतात त्या पदाशी तिने कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय, इथे हळू म्हणणे. मी माझ्या मुलाला झोपवताना तेच म्हणते, त्याला योसेफची गोष्ट तोरातून कळायच्या आधी मावशीच्या चालीत कळली.

म्हणून हिब्रू शिकाच, त्याला पर्याय नाही, देवनागरीतून सुरुवात करून सहा महिन्यांत अक्षरांवर या. पण हिब्रू येत नाही म्हणून थांबू नका. तुमच्या माहेरच्या माळ्यावर, ट्रंकेत बघा, अशी वही नक्की असेल.

भायखळा_जुनी

वय झालंय, टाइप सावकाश होतं, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. नातीने मोबाइल लावून दिलाय.

बाळ ठाणेकर, वर्ष कसं चालायचं ते तुला सांगते, तुझ्या आईनेही असंच केलं असणार पण तू लहान होतीस. एलूल महिन्यात, म्हणजे नव्या वर्षाच्या आधीच्या, आमच्याकडे रमजान म्हणायचे, उपास धरायचे, पहाटे पुरुष सलीहोतला (क्षमेच्या प्रार्थनांना) जायचे आणि आई चुलीपाशी. मग नव्याचा सण. त्याला चिकाचा हलवा. गहू भिजवून वाटून चीक काढायचा, नारळाचं दूध घालून घोटत बसायचं, हात भरून यायचे, शेजारणी पाळी पाळीने घोटायला यायच्या. जेवणात मटण असणार म्हणून गाईम्हशीचं दूध नाही, नारळाचंच. हा नियम आम्हाला कोणी पुस्तकातून नाही शिकवला, हलव्यातून कळला. नंतर खिरीचा सण, नवा तांदूळ, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा आणि खीर खायची. मग दारफाळणी. आदल्या दिवशी आंघोळ, पांढरे कपडे, घाऱ्या, आणि दार लावून घेतलं की दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाणी नाही. सकाळी शिळा सण, त्या दिवशी गरिबाला द्यायचं आणि एकमेकांकडे जायचं.

तिशा बेआव म्हणजे येरुशलेमचं देऊळ पडलं तो दिवस, त्याला आमच्यात बिरड्याचा सण. वालाचं बिरडं, केळीच्या पानावर, खाली बसून. मांसमच्छी नाही. आई वाल सोलता सोलता येरुशलेम कसं जळालं ते सांगायची, जणू काही तिच्या गावात झालं होतं.

पेसाखला, मिसरातून सुटकेच्या सणाला, घराला चुना, भांड्यांना कल्हई. कल्हईवाला दारात यायचा, पितळेची सगळी भांडी ओळीने मांडलेली. कोकरू कापलं की वडील रक्तात हात बुडवून कोऱ्या कागदावर पंजा उमटवायचे आणि तो कागद दाराच्या वर चिकटवायचे, वर्षभर राहायचा. खजुराचा शिरा आई आदल्या रात्री उकळायला ठेवायची, गाळून आटवून काकवीसारखा. आणि किद्दूशला दारू कशाला हवी, काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून पिळून घ्यायच्या. आमच्यात अजून तसंच आहे. ठाणेकर, शुक्रवारसाठी गुरुवारी रात्री मूठभर मनुका भिजव. ऑफिसमधून दमून आलीस तरी शरबत तयार. दोन चपात्या झाकून ठेव, त्यावर बेराखा म्हण. झाला शाबाथ.

आणि शाबाथ_वेळेवर, तुम्ही म्हणता सूर्य मावळल्यावर दिवा नको, मान्य. पण ही पोर लोकलमध्ये अडकली तर? नऊ वर्षांची मुलगी घरात आहे ना, वडील शेजारी उभे राहतील, तिला वेळेवर लावू दे. आई वाटेत, मुलगी दिव्यापाशी. आमच्या चाळीत गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या घरी असंच व्हायचं.

शाबाथ_वेळेवर

आजी, मुलीने लावायला माझी ना नाही, उलट मुलींना लहानपणापासून सवय लागावी. पण आईची आज्ञा त्याने पूर्ण झाली असं मी म्हणणार नाही. हिवाळ्याचे दोन अडीच महिने शुक्रवारी लवकर निघण्याचं बघाच ताई. देवासाठी मागितलेली सुट्टी मागायला लाजू नका. महाराष्ट्र सरकारने २०१६ पासून आपल्याला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिलीये, आपण कोण हे ऑफिसात सांगायला संकोच कशाला.

मटणाचं राहिलं. हज्जानकडून (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांकडून) कापलेलं मिळेल तेव्हाच आणा, ठाण्यात सिनेगॉगमध्ये चौकशी करा. घरी आणल्यावर अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाडं मीठ लावून उतरत्या ताटात, म्हणजे रक्त निथळून जातं, मग तीनदा धुवायचं. मिळालं नाही त्या आठवड्यात मासे, भाजी. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा आहेच. मुशी, शिंगाळा नको.

अशदोदहून

भायखळा आजी, तुम्ही लिहिलेलं मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती नव्वदीकडे झुकलीये, मधेच म्हणाली चिकाचा हलवा खाली लागू नये म्हणून काय करायचे ते विचार 😊

रेवदंड्याची_लेक

बायकांचं काम फक्त चुलीपाशी होतं असं पोरींना वाटू नये म्हणून एक नाव घेते, डॉक्टर जेरुशा झिराड. विलायतेला शिकायला सरकारी स्कॉलरशिप मिळालेल्या, कामा हॉस्पिटल सांभाळलेल्या, १९६६ ला पद्मश्री. त्यांनी लंडनमध्ये बायकांनी धर्मकार्यात पुढे असण्याचं बघितलं आणि १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन उभी केली, त्यातूनच रोदेफ शालोम सिनेगॉग. दिवसभर बाळंतपणं करून ही बाई प्रार्थनेच्या कामाला वेळ काढत होती. आपल्यातले जुने लोक तेव्हा नाराज झाले, अजूनही काहींना ती वाट पटत नाही. मी स्वतः जुन्या पद्धतीच्या सिनेगॉगला जाते, तरी त्या बाईंचा मला अभिमान आहे.

आणि दिवेकरांचं पण सांगा मुलांना. सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजांच्या फौजेत, टिपूच्या कैदेत सापडले. सांगतात की कैद्यांना विचारलं तुम्ही कोण, हे म्हणाले बेने इस्राएल, तेव्हा टिपूच्या आईने मध्ये पडून त्यांचा जीव वाचवला, म्हणाली कुराणात ज्यांचं नाव आहे ती माणसं ही. सुटून आल्यावर नवस फेडायला त्यांनी १७९६ मध्ये मांडवीला सिनेगॉग बांधलं, शाआर हारहामीम, आपलं मुंबईतलं पहिलं. मस्जिद स्टेशनवरून चालत जाता येतं, मुलांना दाखवा.

ठाणेकर_आई

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, इथे मोठे बदल झालेत म्हणून.

साहेबांनी शुक्रवारी पावणेचारला निघायला परवानगी दिली, बदल्यात सकाळी लवकर. कोलंबी बंद केली, मुलगा एक दिवस रडला, मग राहाबीची गोष्ट त्याने बिल्डिंगमधल्या मित्रांना सांगितली. मनुकांचं शरबत दोघांना इतकं आवडलंय की गुरुवारी रात्री भिजवायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलंय. बेराखा तिची माझ्याआधी पाठ झाली. आता दिवा लागला की ती आणि मी सोबत म्हणतो, मोठ्याने. मग हातबोशी, लहान्याला ते फार आवडतं, एकमेकांचे हात हातात घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची, तो सोसायटीच्या वॉचमनकाकांना पण करून आला.

सासूबाईंशी नवरा बोलला, डोंबिवलीचा_जावई यांच्या सांगण्यावरून. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे तुमचा देव निराकार आहे, मी दिव्याला नाही, तिच्या आईला हात जोडले. माझ्या आईला जाऊन चार वर्षं झाली, दोघींचं चांगलं होतं. मी यावर काही बोलू शकले नाही.

पनवेलच्या घरी ट्रंक उघडली. वही नाही मिळाली, पण एक मराठी प्रार्थनेचं पुस्तक मिळालं, बांधणी सुटलेलं, आत आईच्या अक्षरात आमच्या सगळ्या भावंडांचे हिब्रू वाढदिवस. रास्तापेठ, पुस्तक बाइंडिंगला कुठे देऊ? पानं फार ठिसूळ आहेत.

आणि आता नवीन घराचा मलिदा करायचा ठरवलाय. हज्जान येणार आहेत, माहेरची माणसं, सासरची पण. साधारण पन्नास जण धरा. आईच्या हाताखाली केलाय पण प्रमाण कधी मोजलं नाही. कोणी सांगेल का?

रास्तापेठ

बाइंडिंग करू नका लगेच. नुसतं सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा, आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या, चिकटपट्टी अजिबात लावू नका. जुन्या कागदाचं काम करणारी माणसं पुण्यात आहेत, मेसेज करा, नंबर देते.

भायखळा_जुनी

पन्नास माणसांना अडीच किलो जाडे पोहे घे, प्रसादासारखं वाटायचं आहे, जेवण वेगळं असेल. पातळ नको, त्यांचा लगदा होतो. पोहे चाळून निवडून चाळणीवरच धू, पाण्यात बुडवून ठेवू नकोस, झाकून अर्धा तास ठेव, हाताने मोकळे कर. मोठे नारळ पाच, खवताना काळी पाठ येऊ देऊ नको. साखर किलोभर, चाखून कमी जास्त कर, गूळ घालणारी घरं पण आहेत. वेलची, थोडं जायफळ, बेदाणे, काजू बदामाचे काप. नारळ अगदी शेवटी, हज्जान दारात आले की मग कालवायचा, आधी घातला तर उकाड्यात आंबतो.

परातीत मधे डोंगर कर, भोवती पाच तऱ्हेची फळं, केळी, सफरचंद, खजूर, बाकी मोसमात मिळतील ती. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतल्याची वेगळी, म्हणून दोन्ही हवीत, हज्जानना विचारून घे. वासाची बेराखा असते त्याला सब्जाची डहाळी किंवा गुलाब ठेव. पुरुष एलियाहू हन्नाबी म्हणतील तेव्हा तू आत भांड्यात गुंतू नको, पोरांना घेऊन पुढे बस. आमच्या वेळेला आम्ही आतच राहायचो आणि निम्मं गाणं ऐकायचं राहून जायचं.

दिवस कळव. कुर्ल्याहून माझी भाची येणार असेल तर तिच्यासोबत मीही येईन, नारळ खवायला माझे हात अजून चालतात.

ठाणेकर_आई

आजी, पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी अकरा. पत्ता मेसेज केलाय. तुम्ही आदल्या दिवशी शाबाथ संपल्यावरच या, रात्री इथेच राहा, मुलीला तुमच्याकडून सगळे सण विचारून लिहून घ्यायचेत, तिने नवी वही आणलीये.

अलिबागचा_शेजारी

नारळ मी पाठवतो, आमच्या वाडीतले. दोन दिवस आधी ठाण्याला गाडी येतेय.